मंथरेच्या आधीची ललिता पवार

ललिता पवार हे नाव निघाले की मराठी प्रेक्षकाला आठवते ती खाष्ट सासू, नाहीतर काठी टेकत येऊन कैकेयीचे कान भरणारी मंथरा. ही आठवण खोटी नाही, पण अर्धीच आहे. सासू व्हायच्या आधी दहा-बारा वर्षे ललिताबाई पडद्यावर नायिका होत्या, आणि त्यांतल्या बऱ्याच चित्रपटांत मारधाडीच्या नायिका. अशा चित्रपटांना त्या काळी स्टंटपट म्हणत. नाशिक जिल्ह्यातल्या येवल्यात जन्मलेल्या या अभिनेत्रीची कारकीर्द मूकपटात सुरू झाली आणि दूरदर्शनच्या मालिकांपर्यंत पोचली. अंगाच्या जोरावर नाव कमावलेल्या नटाने अंग साथ देईनासे झाल्यावर काय करायचे, हा प्रश्न त्या पिढीतल्या प्रत्येक स्टंट नटापुढे कधी ना कधी आला. ललिताबाईंनी त्याचे उत्तर भूमिकांच्या निवडीतून दिले. ती निवड कळायची तर सुरुवातीच्या, आज जवळजवळ विस्मरणात गेलेल्या चित्रपटांपासूनच निघावे लागते.

येवला, नाशिक, पुणे

ललिताबाईंचे मूळ नाव अंबिका लक्ष्मण सगुण. जन्म १८ एप्रिल १९१६चा. वडील रेशमी आणि सुती कापडाचे व्यापारी होते. पैठणीच्या मागांच्या येवल्यात रेशमाचा व्यापार नवलाचा नव्हता. घर खाऊनपिऊन सुखी आणि जुन्या वळणाचे. अशा घरातल्या मुलीने तोंडाला रंग लावावा ही गोष्ट १९२० च्या दशकात सहज पचणारी नव्हती. ‘राजा हरिश्चंद्र’ या पहिल्या चित्रपटासाठी दादासाहेब फाळक्यांना तारामती करायला बाई मिळाली नव्हती आणि अण्णा साळुंके या पुरुष नटाला लुगडे नेसवावे लागले होते, त्याला तेव्हा जेमतेम पंधरा वर्षे होत होती.

फाळकेही याच जिल्ह्यातले, त्र्यंबकेश्वरचे. ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला त्याच वर्षी, १९१३ मध्ये, त्यांनी दादरचे बिऱ्हाड नाशिकला हलवले आणि पुढचा ‘मोहिनी भस्मासुर’ इथे काढला. त्यात दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई या मायलेकी कॅमेऱ्यापुढे उभ्या राहिल्या. १९१८ मध्ये भागीदारांच्या पैशावर नाशिकला हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी उभी राहिली. तिचा १९१९चा ‘कालिया मर्दन’ अभिनयाच्या इतिहासात वेगळा काढून पाहण्याजोगा आहे. त्यात बाळकृष्ण झाली होती फाळक्यांची मुलगी मंदाकिनी, वय सहा-सात. चित्रपटाच्या आरंभी ती कृष्ण म्हणून येतच नाही. आधी नुसता तिचा चेहरा दिसतो, त्यावर एकामागून एक भाव उमटतात, आणि मग ती कृष्णाच्या वेषात जाते. पुढे हीच मुलगी नागाशी झुंजते. झुंज घेणाऱ्या नटाला चेहराही लागतो, एवढे फाळक्यांनी बोलून न दाखवता आधीच दाखवून ठेवले होते. ही गोष्ट पुढच्या स्टंटपटवाल्यांच्या फारशी ध्यानात राहिली नाही.

येवल्याची अंबिका मात्र फाळक्यांच्या कंपनीत गेली नाही. तिची वाट पुण्याच्या आर्यन फिल्म कंपनीकडे वळली. नानासाहेब सरपोतदारांची ही कंपनी १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात जोरात होती. तिच्या १९२८ च्या ‘राजा हरिश्चंद्र’ या मूकपटात अंबिका बालकलाकार म्हणून प्रथम पडद्यावर आली. पदार्पणाचे वय काही ठिकाणी नऊ दिले जाते. जन्मसाल आणि चित्रपटाचे साल दोन्ही खरी धरली तर बारा निघते, आणि तेच मानणे बरे. पुण्याला जाण्याचा एक परिणाम दूरवर झाला. नाशिकच्या कंपनीचा भर पौराणिकावर होता. पुण्या-मुंबईच्या कंपन्या ऐतिहासिक आणि साहसी कथांकडे वळल्या होत्या. तिथे देवादिकांपेक्षा घोडेस्वारांना जास्त काम होते. नाशिकला राहिली असती तर या मुलीच्या हातात तलवार बहुधा आली नसती.

स्टंटपटाचा कारखाना

मूकपटाच्या काळात स्टंटपट हा बिनभरवशाच्या धंद्यातला त्यातल्या त्यात भरवशाचा माल होता. गिरणगावातला कामगार, बाजाराच्या गावी तंबूत बसणारा शेतकरी, पिटातला शिट्ट्या मारणारा पोरगा हे त्याचे गिऱ्हाईक. कथा ठरलेली असे. गादी बळकावणारा दुष्ट सेनापती, रानात वाढलेला खरा वारस, पळवून नेलेली मुलगी, शेवटी किल्ल्याच्या तटावर झुंज. वृत्तपत्रांतले चित्रपट-परीक्षक या मालाकडे नाक मुरडून पाहत, आणि मालक त्याच मालाच्या गल्ल्यावर पुढच्या ‘चांगल्या’ चित्रपटाची तयारी करत.

या चित्रपटांतला अभिनय म्हणजे धांगडधिंगा, हा समज मात्र तपासून पाहायला हवा. तेव्हाचा कॅमेरा हाताने फिरवावा लागे. हँडल सावकाश फिरवले की त्याच वेळात कमी चित्रे टिपली जातात आणि पडद्यावर हालचाल वेगाने घडताना दिसते. मारामारीच्या दृश्यांत छायाचित्रकार ही युक्ती सर्रास वापरत. त्यामुळे तलवार जोरात चालवणे हे नटाचे काम नव्हतेच. वार लांबून येताना दिसला पाहिजे, वळण मोठे आणि स्वच्छ पाहिजे, आणि समोरच्याच्या अंगापासून वीतभर अलीकडे तो थांबलाही पाहिजे. वेग देणारा वेगळा माणूस कॅमेऱ्यामागे होता. चांगला स्टंट नट म्हणजे धाडसी नट असे प्रेक्षक मानतो. धंद्यातली माणसे मानतात की चांगला स्टंट नट म्हणजे ज्याला नेमके कुठे थांबायचे ते कळते. छोट्या कंपन्यांना डुप्लिकेट ठेवायची चैन परवडत नसे. घोड्यावर बसायचे नटाने, उडी मारायची नटाने, आणि पडून लागले तर दुसऱ्या दिवशी हळद लावून पुन्हा यायचे तेही नटानेच.

या दुनियेचा राजा होता मास्टर विठ्ठल. कोल्हापूरला बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत तो घडला. १९२४ च्या ‘कल्याण खजिना’त त्याने नर्तकीचे काम केले होते. मुंबईच्या शारदा फिल्म कंपनीने त्याला १९२६ च्या ‘रतन मंजरी’त नायक केले आणि पुढची चार-पाच वर्षे त्याने मूकपटाचा पडदा गाजवला. लोक त्याला भारताचा डग्लस फेअरबँक्स म्हणत. शारदा सोडून तो दुसरीकडे निघाला तेव्हा कंपनीने करारभंगाचा दावा लावला आणि त्याच्या बाजूने महंमद अली जीना उभे राहिले. दावा विठ्ठल जिंकला. त्यातून मिळाली ‘आलम आरा’. १४ मार्च १९३१ रोजी गिरगावातल्या मॅजेस्टिकमध्ये झळकलेल्या या पहिल्या भारतीय बोलपटाचा नायक तोच. पण बोलपटाला बोलणारा नायक हवा होता, आणि विठ्ठलचे उर्दू उच्चार तिथे पुरे पडेनात. म्हणून त्याची भूमिका बराच वेळ गुंगीत असलेल्या माणसाची करण्यात आली असे सांगतात. मूकपटातली चपळाई त्याने रात्रंदिवस घासून तयार केली होती, पण तिला जिभेची जोड नव्हती. पुढे तो मराठी चित्रपटांत दुय्यम भूमिकांत दिसत राहिला. आवाजाने त्याची जागा हिरावून घेतली, त्याच वर्षी येवल्याची ही मुलगी पंधरा वर्षांची होती आणि मुखवटा चढवून घोड्यावर बसत होती.

‘दिलेर जिगर’

१९३१चा ‘दिलेर जिगर’ हा पुण्याच्या आगरवाल फिल्म कंपनीचा मूकपट. दिग्दर्शक गणपतराव पवार. पुढे अंबिकेचे त्यांच्याशी लग्न झाले आणि ललिता पवार हे नाव पडद्यावर स्थिर झाले. भारतात तेराशेच्या वर मूकपट निघाले आणि त्यांतले पुरे-अपुरे धरून तीसच्या आसपासच आज शिल्लक आहेत. त्या मूठभरात ‘दिलेर जिगर’ आहे. तो पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जपलेला आहे, आणि तरुण ललिताबाई नेमके काय करत होत्या हे डोळ्यांनी पाहायचे तर हा मोठा आधार आहे.

कथा साच्यातली आहे. राजाला मारून भाऊ गादी बळकावतो, तान्हा राजपुत्र वाचतो आणि कसरतीचे खेळ करत गावोगाव हिंडणारा हमीर होतो. त्याच्या खेळातली जोडीदार म्हणजे सारंगा, ललिताबाई. साच्याबाहेरची गोष्ट अशी की हमीर अडचणीत आल्यावर चेहऱ्यावर मुखवटा चढवून त्याच्या मदतीला धावते ती हीच सारंगा. फेअरबँक्सच्या झोरोची सावली यावर उघड आहे, फक्त झोरोची जागा बाईने घेतली आहे. मुखवट्यातली लढाऊ नायिका म्हटले की चित्रपटांच्या इतिहासात वाडियांची नाडिया आणि तिचा ‘हंटरवाली’ यांचे नाव निघते. तो १९३५चा. सारंगा त्याच्या चार वर्षे आधीची आहे. नाडियाच्या वाट्याला पुस्तके, माहितीपट आणि टोपणनाव आले. सारंगाच्या वाट्याला संग्रहालयातला डबा. नाडियाच्या कर्तबगारीत यामुळे काही उणे येत नाही, पण क्रम तरी नीट लावायला हरकत नसावी.

या भूमिकेत एक अभिनयाचा पेच आहे. मुखवटा घातला की नटाचा चेहरा जातो आणि उरते ती मान, खांदे आणि चाल. सारंगा कसरत करणाऱ्यांतली पोर आहे, म्हणून तिच्या अंगात खेळकरपणा हवा. मुखवट्यातली स्वार म्हणून तिच्यात जरब हवी. प्रेक्षकाला दोघी एकच आहेत हे कळले पाहिजे आणि खलनायकाला कळता कामा नये. हे सगळे शरीरानेच करायचे. ललिताबाईंच्या पुढच्या सगळ्या कामात, अगदी सत्तरीत केलेल्या मंथरेतही, पात्र आधी चालीत आणि मानेच्या वळणात तयार होते आणि मग चेहऱ्यावर येते. त्या सवयीचे मूळ इथे आहे.

नायिकेच्या पलीकडची महत्त्वाकांक्षा

बोलपट आला तेव्हा ललिताबाईंना मास्टर विठ्ठलसारखी अडचण आली नाही. त्यांचा आवाज खणखणीत होता आणि त्या गातही असत. १९३५ च्या ‘हिम्मत-ए-मर्दा’मध्ये त्यांनी स्वतः गायलेले गाणे लोकांच्या तोंडी बसले. स्टंटपटाची नायिका म्हणून आणखी पाच-सहा वर्षे त्यांचा जम बसला असता. त्यांची पावले मात्र आधीच दुसरीकडे पडू लागली होती, आणि त्यांच्या कारकिर्दीबद्दल लिहिताना हाच भाग बहुतेक वेळा गाळला जातो.

१९३२ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, ‘कैलास’ या मूकपटाच्या निर्मितीत त्या सहभागी होत्या. १९३८ मध्ये त्यांनी ‘दुनिया क्या है’ हा बोलपट काढला. त्याचा आधार होता टॉलस्टॉयची ‘रिसरेक्शन’ ही कादंबरी. फसवल्या गेलेल्या मुलीची अधोगती आणि फसवणाऱ्याला उशिरा आलेली जाग हा तिचा विषय. घोडा-तलवारीवर प्रसिद्ध झालेली बाई स्वतःचे पैसे घालून अशी कथा निवडते, तेव्हा तिला कुठे जायचे आहे ते स्पष्ट असते. भालजी पेंढारकरांचा ‘नेताजी पालकर’, नवयुगचा ‘अमृत’ (१९४१), ‘गोरा कुंभार’ ही मराठीतली कामे याच सुमाराची. ‘अमृत’ वि. स. खांडेकरांनी लिहिलेला आणि मास्टर विनायकांनी दिग्दर्शित केलेला. खांडेकरांच्या कथेत उडी मारायला तट नसतो. तिथे माणसाला आतल्या आत झगडावे लागते.

स्टंट नटाला सामाजिक चित्रपटात घेणे हे तेव्हा निर्मात्याला जोखमीचे वाटे. प्रेक्षकांची दोन वेगळी गिऱ्हाइके होती आणि नटांवर त्यांचा शिक्का बसलेला असे. प्रभातचा प्रेक्षक स्टंटपटाला जात नसे, निदान गेलो होतो असे सांगत नसे. तो शिक्का पुसायला ललिताबाई १९३८ पासून लागल्या होत्या. १९४२ मध्ये चित्रीकरणात त्यांना अपघात झाला; तो झाला नसता तरी त्या चरित्र भूमिकांकडे आल्याच असत्या, कदाचित पाच-सात वर्षे उशिरा.

थप्पड

अपघात झाला ‘जंग-ए-आझादी’च्या चित्रीकरणात, १९४२ मध्ये. दृश्य साधे होते. मास्टर भगवान यांनी ललिताबाईंना जोराची थप्पड मारायची होती. ती खरोखरच जोराची बसली. डाव्या डोळ्याची शीर फुटली, चेहऱ्याला पक्षाघात झाला आणि सुमारे तीन वर्षे उपचार चालले. पक्षाघात ओसरला, पण डावा डोळा कायमचा बारीक झाला.

ही कहाणी सांगताना भगवान तेव्हा नवखे नट होते, म्हणून हात आवरला नाही, असे कारण जोडले जाते. ते टिकत नाही. भगवान आबाजी पालव यांचा जन्म १ ऑगस्ट १९१३ चा, अमरावतीचा. वडील गिरणी कामगार. मूकपटाच्या अखेरीपासून ते पडद्यावर होते, कुस्तीचा नाद होता, आणि १९३८ मध्ये चंद्रराव कदमांबरोबर त्यांनी ‘बहादुर किसान’ दिग्दर्शितही केला होता. १९४२ साली स्टंटपटांच्या दुनियेत भगवान यांच्याइतके मुरलेले लोक थोडेच होते. नवखेपणापेक्षा कामाच्या पद्धतीत कारण शोधणे जास्त योग्य आहे.

पडद्यावरची थप्पड गालावर पडतच नाही. मारणाऱ्याचा हात आणि कॅमेरा यांचा कोन असा धरतात की तळवा चेहऱ्यापुढून जातो, मधली जागा भिंगाला दिसत नाही. थप्पड खरी वाटते ती खाणाऱ्यामुळे: हात नाकासमोर आला त्या क्षणी मान झटक्यात वळली पाहिजे, आधी नाही आणि नंतर नाही. आवाज मागाहून भरतात. दोघांची तालीम ठोक्यागणिक झालेली असावी लागते. आजचे फाईट मास्टर अशा दृश्यासाठी दोघांना मोजणीवर चालवतात. १९४० च्या दशकातल्या कमी पैशांच्या चित्रपटांत तालमीला वेळ नसे, आणि थप्पड खरीच मारली तर दृश्य रंगते, असे मानणारे दिग्दर्शक होते. हवेत थांबणारी तलवार शिकलेल्या माणसांनाही थप्पड शिकावी लागते हे कुणाच्या डोक्यात नव्हते. तलवारीची भीती असते म्हणून ती थांबते. थप्पड क्षुल्लक वाटते, म्हणून इजा करते.

चाळीस वर्षांनी, २६ जुलै १९८२ रोजी, बंगळूरला ‘कुली’च्या चित्रीकरणात पुनीत इस्सर यांच्याबरोबरच्या मारामारीत अमिताभ बच्चन यांच्या पोटाला जीवघेणी इजा झाली. देशभर प्रार्थना झाल्या, आणि चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा तो क्षण पडद्यावर थांबवून दाखवण्यात आला. ललिताबाईंच्या दुखण्याला असा साक्षीदार नव्हता. मोठा नायक जखमी झाला की चित्रपट थांबतो. १९४२ साली स्टंटपटाची नायिका जखमी झाली की तिच्या जागी दुसरी येई.

आनंदीबाई

तीन वर्षे उपचार म्हणजे तीन वर्षे घरी, असा अर्थ काढला जातो. तो बरोबर नाही. प्रभातचा ‘रामशास्त्री’ १९४४ चा, आणि त्यात आनंदीबाई आहेत ललिता पवार. उपचार पुरते संपलेही नसतील तेव्हा त्या प्रभातच्या कॅमेऱ्यापुढे होत्या. ज्या प्रभातच्या प्रेक्षकाला स्टंटपटाची नायिका चालली नसती, त्याच प्रेक्षकापुढे त्या ‘ध’चा ‘मा’ करणारी बाई म्हणून आल्या. नाशिककरांना आनंदीबाई परक्या नाहीत. गंगापूर रस्त्यावरच्या आनंदवल्लीत राघोबादादांचा वाडा होता आणि गावाचे नाव आनंदीबाईंवरून पडले असे सांगतात.

आनंदीबाई ही निवड शहाणपणाची होती. ही बाई नायिका नाही, पण कथा तिच्यावाचून हलत नाही. तिला देखणे असण्याची सक्ती नाही, आणि तिच्या नजरेत संशयाची सावली दिसली तर ती भूमिकेला उपकारकच ठरते. बारीक डोळ्याची बाई प्रेमगीत गाऊ शकत नव्हती, कारण तेव्हाचा नायिकेचा साचा तसा होता. कट रचू शकत होती. नायिकेची जागा गेल्याचा शोक करत बसण्यापेक्षा दुसरी खुर्ची ओढून बसलेली बरी, असा हा व्यवहार होता. व्ही. शांताराम यांच्या ‘दहेज’ (१९५०) मध्ये त्या सुनेचा जीव नकोसा करणारी सासू झाल्या. ‘दाग’ (१९५२) मध्ये दिलीपकुमारची आई झाल्या. दिलीपकुमार त्यांच्याहून अवघे सहा वर्षांनी लहान. पस्तिशी-छत्तिशीत केस पांढरे करणे कुठल्याही अभिनेत्रीला जड जाते. ज्यांनी ते टाळले त्या बहुतेक पुढच्या दहा वर्षांत पडद्यावरून गेल्या.

इथे भगवानदादांची वाट शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहे. १९४० च्या दशकात त्यांनी स्टंटपटांमागून स्टंटपट काढले, चेंबूरला जागृती स्टुडिओ उभा केला. राज कपूर यांनी सामाजिक विषय घ्या असे सुचवले, आणि त्यातून १९५१ मध्ये ‘अलबेला’ आला. गीता बाली नायिका, सी. रामचंद्र यांचे संगीत. हात हलकेच झुलवत, पाय फारसे न उचलता नाचायची त्यांची ढब पुढच्या तीन पिढ्यांनी उचलली. स्टंट नटाने मारामारी सोडून काय करावे, याचे हे एक झकास उत्तर होते. पण त्यांनी दुसरेही एक पाऊल टाकले: मिळालेला पैसा पुन्हा निर्मितीत घातला. ‘झमेला’ आणि ‘लाबेला’ यांना ‘अलबेला’चे यश मिळाले नाही. जुहूचा बंगला, गाड्या, स्टुडिओ सगळे गेले, आणि शेवट दादरच्या चाळीत, किरकोळ भूमिका करत झाला. ४ फेब्रुवारी २००२ रोजी त्यांचे निधन झाले. ललिताबाईंनीही १९३० च्या दशकात निर्मिती करून पाहिली होती. अपघातानंतर त्यांनी आपला भरवसा अभिनयाच्या कामावर ठेवला. कमी पैसा, पण सतत काम. ज्याला अंगावर पडल्याचा अनुभव आहे तो उडी मारायच्या आधी खाली पाहतो.

खाष्टपणाचे कारागीर काम

‘सासूच्या भूमिका’ या दोन शब्दांत गुंडाळण्याइतका हा पुढचा काळ एकसुरी नाही. ‘श्री ४२०’ (१९५५) मधली गंगामाई फुटपाथवर केळी विकते. अंग झाकून घेतलेला पदर, बसल्या जागेवरून गिऱ्हाइकाला हाताने हाकलणे, आणि भुकेल्या पोराकडे पाहिल्यावर न दाखवता मऊ होणारा आवाज. त्याच वर्षीच्या गुरुदत्त यांच्या ‘मिस्टर अँड मिसेस ५५’ मध्ये त्या पुरुषांचा तिटकारा असलेली श्रीमंत आत्या सीतादेवी आहेत. फुटपाथ आणि दिवाणखाना या दोन्ही ठिकाणी बाई करडीच आहे. पण गंगामाईचा कणा बसकट आहे आणि सीतादेवीचा ताठ. दोघींच्या हातांचा वेग वेगळा.

सगळ्यांत जवळून पाहावी ती ‘अनाडी’ (१९५९) मधली मिसेस डिसा. हृषीकेश मुखर्जी यांचा हा चित्रपट. भाडेकरूला उठता-बसता धारेवर धरणारी, आणि त्याला कळू न देता त्याच्या खिशाची काळजी वाहणारी ही ख्रिस्ती घरमालकीण. डावा डोळा बारीक, उजवा पूर्ण उघडा. त्या डोके थोडे तिरके करून राज कपूरकडे पाहतात तेव्हा प्रेक्षकाला आधी संशय दिसतो. मग मान सरळ होते, हनुवटी खाली येते, आणि त्याच डोळ्यात माया दिसू लागते. डोळा बदललेला नसतो, मानेचा कोन बदललेला असतो. ज्या वैगुण्याने नायिकेची भूमिका हिरावली, त्याला त्यांनी असे एका कोनात रागाचे आणि दुसऱ्या कोनात जिव्हाळ्याचे केले. हे काम योगायोगाने होत नाही. कॅमेरा कुठे आहे, त्यापासून आपण किती तिरके आहोत, हा हिशोब स्टंटपटातल्या तलवारीचाच आहे. या भूमिकेसाठी त्यांना साहाय्यक अभिनेत्रीचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. हृषीकेश मुखर्जींनी त्यांना ‘मेम दीदी’ (१९६१) मध्ये मध्यवर्ती भूमिका दिली, आणि ‘आनंद’ (१९७१) मध्ये रुग्णालयातल्या कडक मेट्रनची.

शम्मी कपूर यांच्याबरोबरचे दोन चित्रपट विनोदासाठी पाहावेत. ‘जंगली’ (१९६१) मधली आई घरात हसायलाच बंदी घालते. ‘प्रोफेसर’ (१९६२) मधली शिस्तीची सीतादेवी म्हाताऱ्या प्राध्यापकाच्या वेषातल्या तरुणावर भाळते आणि हळूहळू नटू-मुरडू लागते. करड्या बाईची अशी फजिती करायला आधी करडेपणा पक्का उभा करावा लागतो. तो पक्का होता म्हणून लोक हसले. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार १९६१ चा आहे, म्हणजे याच दोन-तीन वर्षांतला. तेव्हा त्या पंचेचाळीस वर्षांच्या होत्या, आणि बरोबरीच्या नायिका निवृत्त होऊन दशक लोटले होते.

शिक्का मात्र पुन्हा बसलाच. आधी स्टंटवाली, आता सासू. निर्मात्यांना सोय हवी असते, आणि खाष्ट बाई म्हटले की एकच नाव पुढे येई. शेकड्यांनी केलेल्या भूमिकांत बऱ्याच एका साच्यातल्या आहेत आणि काहींत त्या नुसत्या येऊन जातात. काम नाकारण्यापेक्षा काम करत राहणे हा त्यांचा स्वभाव होता. त्याची किंमत अशी की त्यांची उत्तम कामे त्यांच्याच ढीगभर मध्यम कामांखाली दबली.

दोन मंथरा

मंथरा त्यांनी दोनदा केली. बाबूभाई मिस्त्री यांच्या ‘संपूर्ण रामायण’ (१९६१) मध्ये पहिल्यांदा, आणि २५ जानेवारी १९८७ पासून दूरदर्शनवर रविवारी सकाळी सुरू झालेल्या रामानंद सागर यांच्या ‘रामायण’ मालिकेत दुसऱ्यांदा. मधे पंचवीस-सव्वीस वर्षे गेली होती. तोवर त्या सत्तरीत पोचल्या होत्या, आणि या वयातली त्यांची ही भूमिका देशात घरोघरी गेली.

मंथरा ही पुराणातली सगळ्यांत शारीरिक खलभूमिका आहे. कुबड, काठी, वाकलेली कंबर, खालून वर पाहणारी नजर. कैकेयी उभी असते, मंथरा तिच्या कमरेपाशी. म्हणून प्रत्येक कुजबुज मान वर करून, बारीक डोळा तिच्यावर रोखून करावी लागते. ललिताबाईंची मंथरा बोलताना फार कमी हलते. काठी जमिनीवर टेकते ती वाक्याच्या शेवटी, आणि कैकेयीचे मन डळमळले की काठी थांबते. इतके दिवस अंगाला वळण लावलेल्या नटाला कुबड हे ओझे वाटत नाही, ते हत्यार होते. सत्तरीतला माणूस अनेक तास वाकून उभा राहतो आणि तरी त्याच्या संवादाचा श्वास तुटत नाही, यामागे घोडा आणि तलवारीची वर्षे होती.

मालिका ३१ जुलै १९८८ ला संपली. त्यानंतरही त्यांनी काही चित्रपट केले. २४ फेब्रुवारी १९९८ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. १९२८ च्या ‘राजा हरिश्चंद्र’पासून मोजले तर कारकीर्द सात दशकांच्या जवळ जाते, आणि त्यातली नायिकेची वर्षे जेमतेम दहा-बारा भरतात.